तांदळाला कच्चा टाका

"श्वास सोडा," मी म्हणाले. "पोट आत ओढून माप दिलंत, तर पँट त्या ओढलेल्या पोटाला बसेल. तुम्हाला नाही."

मुख्याध्यापिका बाई हसल्या आणि त्यांनी श्वास सोडला. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई कमरेला टेप लागला की श्वास रोखते आणि प्रत्येकीला मी हेच सांगते. मग त्यांच्या पायाशी गुडघे टेकून मी पँटच्या तळाची दुमड टाचायला घेतली. पुढे वाकले मात्र, शर्टाच्या आत डाव्या बाजूला काहीतरी सैल झालं. सळसळ असा आवाज आला आणि बाईंच्या चकचकीत काळ्या बुटांवर तांदळाचे दाणे पडायला लागले.

"अहो, हे काय?"

"तांदूळ," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"तांदूळ?"

"सकाळी निवडत होते. अडकले असतील कुठेतरी."

मी हे बोलतेय तोवर आणखी मूठभर आले. डाव्या बाजूनं मी डोळ्यांदेखत सपाट होत चालले होते. बाईंची सगळी हयात पोरांच्या थापा पकडण्यात गेलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "शुक्रवारी मिळेल ना पँट?" त्या क्षणी मला त्यांचे पायच धरावेसे वाटले. तशी मी पायांशी बसलेलीच होते.

बाई गेल्या. दुकानात उरलो मी, तांदूळ आणि आई.

आई दुपारची दुकानात येऊन बसते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापते. तिला आता फारसं दिसत नाही, पण दोरा बोटांना सापडतो. ती उठली, वाकून दाणे तळहातावर घेतले आणि अंगठ्यानं चोळून पाहिले.

"कसला टाका घातला होतास?"

"कच्चा."

"तांदळाला कधी कच्चा टाका घालतात का?"

हे बोलून झाल्यावर आपण काय विचारतोय ते तिच्या लक्षात आलं असावं. तिनं माझ्या छातीकडे पाहिलं नाही. मी वयात आल्यापासून ती तिकडे पाहतच नाही. दाणे तिनं खिशात टाकले, खुर्चीत जाऊन बसली, कातर हातात घेतली. दोरे मात्र कापले नाहीत.

आता सांगायलाच हवं. माझी उजवी बाजू चारचौघींसारखी आहे. डावी वाढलीच नाही. आधी घरात वाट पाहिली, एखादी गाडी उशिरा यावी तशी येईल म्हणून. आली नाही. मग एका दुपारी आईनं दार लावून घेतलं आणि मऊ सुती कापडात कापूस भरून केलेलं एक गोल पॅड माझ्या हातावर ठेवलं. "टाक्यांची बाजू बाहेर, मऊ बाजू अंगाला," एवढंच म्हणाली. त्या वस्तूला आमच्या घरात नाव नाही. आई म्हणते, 'तुझं ते'. कापूस दबला, कापड विटलं, की कपाटात घडी केलेल्या कपड्यांखाली नवं 'ते' येऊन बसायचं. तिनं ते कधी शिवलं, कधी ठेवलं, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पुढे मी शिवणकाम शिकले, दुकान काढलं. म्हणजे बघा, आजूबाजूच्या सगळ्या बायकांचे कोट, स्कर्ट, पँट मी बेतायच्या, आणि स्वतः मात्र आईच्या हातचं घालून फिरायचं. मला काय शिवता आलं नसतं? पण मग तिला वाटलं असतं, आपलं चालेनासं झालं. आणि ते काम ती कशापायी करते हे मला ठाऊक होतं. मी पोटात असताना ती एका कपड्यांच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर उभी राहायची. कुणीतरी तिला म्हणालं होतं, पोटुशी बाईनं त्या वाफेत उभं राहू नये. ती राहिली, कारण नोकरी होती. हे तिनं मला कधीच सांगितलं नाही. एकदा तापात वहिनीजवळ बोलून गेली आणि वहिनीनं मला सांगितलं.

माझ्या मनात ऑपरेशनचं खूळ शिरलं ते खांद्यामुळे. डावा खांदा दुखायचा म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाबून पाहिलं, फोटो काढला आणि म्हणाले, "खांद्याला काही झालेलं नाही. तुम्ही उभ्याच वाकड्या राहता. डावा खांदा पुढे काढून. काही लपवल्यासारखा." मी कानकोंडी झाले. दुकानात आले आणि मोठ्या आरशासमोर उभी राहिले. रोज दहा बायकांना त्या आरशासमोर उभं करून मी म्हणते, सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा. आणि मी स्वतः अशी, पावसात वही जपणाऱ्या मुलीसारखी. मला रडूच आलं. मग राग आला. मला सरळ उभं राहायचं होतं, एवढंच. त्या दिवशी ते पक्कं झालं.

वहिनीला सांगितल्यावर तिनं आधी आ वासला. ती वरच्या मजल्यावर राहते आणि दुकानाचा गल्ला सांभाळते. वहिनीच्या कानावर घातलेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं, पण माझी ही एक गोष्ट तिनं इतकी वर्षं ओठांबाहेर काढली नव्हती.

"आता? या वयात?" ती म्हणाली. "कुठं जमवलंयस की काय? आम्हाला सांग तरी!"

"नाही गं."

"मग कुणाला दाखवायचंय?"

"आरशाला."

वहिनीला ते पटलं. "चल तर," ती म्हणाली. "मी येते. तू एकटी गेलीस तर डॉक्टरच्याच बाह्यांचं माप घेऊन परत येशील."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर वाचायला लागले. किती वाचलं म्हणाल तर विचारू नका. आधीचे फोटो, नंतरचे फोटो. कुणी हसतंय, कुणी पस्तावतंय. आत बसवायचं ते इम्प्लांट कशाकशाचं असतं, ते स्नायूच्या वर ठेवतात की खाली, काय बिघडू शकतं. बाकीचे लोक त्या फोटोंत काय बघतात कोण जाणे, मी आधी शिवण बघायचे. छेद कुठे घेतलाय, घडीत लपलाय की नाही. एकदा शोधलं म्हणून फोननं माझा पिच्छाच धरला. बटणांचा भाव बघायला उघडावा तर समोर छात्या. शेवटी मी तो मशीनवर पालथा ठेवायला लागले.

पहिले डॉक्टर भेटले ते मोठे गोड बोलणारे होते. माझ्याकडे कमी आणि पडद्याकडे जास्त बघत म्हणाले, "करतोच आहोत तर दोन्ही करू. दोन्ही छान मोठे."

"उजवीला काय झालंय?" मी विचारलं.

"झालं काही नाही. पण चान्स आहे तर..."

मी पर्स उचलली. बाई कोटाला अस्तर लावायला आली म्हणून तिच्या गळ्यात दुसरा कोट मारायचा, हा धंदा मी कधी केला नाही. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "बरं झालं उठलीस. त्या माणसानं मलाही वरपासून खालपर्यंत बघून घेतलं होतं."

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. पिकलेले केस, आखूड नखं. त्यांनी आधी मला बोलू दिलं. मग तपासलं आणि एकेक गोष्ट सांगितली. डावीकडेच करायचं. तिथली कातडी ताणलेली आहे, म्हणून फार मोठं बसणार नाही. आत टाकलेलं जन्मभर टिकेलच असं नाही, कधीतरी बदलावं लागू शकतं. भोवती कडकपणा येऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, त्वचेची जाणीव काही दिवस जाते, कधी कायमची कमी होते. "आणि तंतोतंत सारखं होणार नाही," त्या म्हणाल्या. "एकोणीस-वीस राहणारच."

"एकोणीस-वीस मला चालेल," मी म्हणाले. "सध्या माझं दोन आणि वीस आहे."

त्या इतक्या खळखळून हसल्या की माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. आकार ठरवायचा एक साधा उपाय त्यांनीच सांगितला. एका पिशवीत मापानं तांदूळ भरा, दिवसभर घालून वावरा, कमी-जास्त करून बघा. अंगाला कुठलं आपलं वाटतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आता कुणीही शहाणी बाई पिशवी शिवताना पक्की शिलाई मारेल. पण माझा हात पडला शिंप्याचा. ट्रायल म्हटली की हातून कच्चा टाकाच पडतो, नंतर उसवायला बरा म्हणून. कापडाच्या ट्रायलमधून कापड सांडत नाही, हे डोक्यातच आलं नाही. पुढचं मुख्याध्यापिका बाईंच्या बुटांवर झालं.

त्या संध्याकाळी घरी आई जेवली नाही. पानात चिवडत बसली. मग उठली, आपला शिवणाचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"माझं टोचायला लागलं का?"

"नाही गं आई."

"मग तांदूळ कशाला? जड होतात. ओले झाले तर फुगतात."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. हळूहळू सांगायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं भडाभडा बाहेर आलं. खांदा, आरसा, वहिनी, डॉक्टर बाई. आई डब्याच्या झाकणावर बोट फिरवत ऐकत होती.

"चिरणार?"

"हो."

"कुठे?"

"खालच्या घडीत. उभं राहिलं की दिसणार नाही."

शिंप्याच्या आईला हे पटलं. तिनं मान हलवली. "आणि ते आतलं? टिकतं किती?"

"बरीच वर्षं. पण कायमचं नाही. मधे कधी बदलावं लागेल."

"म्हणजे माझ्यासारखंच की," आई म्हणाली.

मला हसावं की रडावं कळेना. ती हसत नव्हती. डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, "मला ने त्या बाईकडे. मला एक विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"तिलाच विचारीन."

मी समजले. इतकी वर्षं जे घरात कुणी बोललं नव्हतं ते आता एका परक्या बाईच्या टेबलावर ठेवायचं होतं. नाही कसं म्हणणार? आणि मला भीती एकाच गोष्टीची होती. डॉक्टर बाई खरं बोलणाऱ्या होत्या. वाफेचं काही असेल, तर त्या तेही खरंच सांगणार होत्या.

पुढच्या भेटीला आम्ही तिघी गेलो. आईनं ठेवणीतला कोट घातला होता, मीच शिवलेला. खुर्चीच्या टोकावर बसून तिनं पर्स दोन्ही हातांनी धरली.

"मी इस्त्रीवर होते," तिनं एकदम सुरुवात केली. "ही पोटात होती तेव्हा. वाफेची इस्त्री. दिवसभर. लोक नको म्हणाले होते. मी राहिले. त्यानं झालं का हे?"

वहिनीनं माझा हात धरला. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"नाही, मावशी. त्यानं नाही झालं. काही मुलींमध्ये एक बाजू जन्मापासूनच तशी असते. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून नाही, बसून राहिला असतात तरी हे असंच असतं. तुमच्या कशानंच झालेलं नाही."

आई ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही. मग म्हणाली, "जरा मोठ्यानं सांगा."

आईचे डोळे अधू झालेत, कान चांगले खणखणीत आहेत. शेजारच्या घरातली कुजबुज तिला ऐकू येते. डॉक्टर बाईंना हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्यांना काहीतरी कळलं. त्या खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आईजवळ आल्या आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मावशी, तुमच्यामुळे झालेलं नाही."

"हं," आई म्हणाली. पर्सवरचे हात सुटले. "मग ठीक आहे. मग करा."

बाहेरच्या बाकावर आम्ही रिक्षाची वाट बघत बसलो. वहिनी डोळे पुसत होती. आई अगदी ताठ बसली होती आणि एकाएकी म्हणाली, "म्हणजे आता मला तुझं ते शिवायला नको?"

"नको, आई."

"सुटले बाई!" आई म्हणाली. "सुईत दोरा ओवायला मला शेजारच्या काकूंकडे जावं लागतं. दर वेळी त्यांना सांगते, टाचण्यांची गादी करतेय. त्यांना वाटत असेल, या घरात टाचण्या आहेत तरी किती!"

वहिनीला हसू आवरेना. मी म्हणाले, "मग बंद का नाही केलंस?"

"तुला माझंच लागतं ना. तू स्वतः कधी शिवलं नाहीस. मला वाटलं, दुसरं चालत नसेल."

"अगं, तुला वाईट वाटेल म्हणून मी शिवत नव्हते! आणि खरं सांगू? हल्लीची तुझी एकीकडे फुगलेली असतात. दुकानात नेऊन उसवते आणि नीट भरून परत शिवते."

"ते माहितीये," आई शांतपणे म्हणाली. "वाळत घालताना हाताला लागायचं. टाका माझा नव्हता."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि तिथे रस्त्यावर तिघी हसत सुटलो. हसता हसता आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती ते पुसेना. वाहू दिलं. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा कुठे आम्ही उठलो. छातीवर एक दगड मीही वागवत होते, हे मला तो उतरल्यावर कळलं.

मग तयारीला लागलो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, छातीचा फोटो झाला, डोकेदुखीच्या गोळ्या बंद झाल्या. तांदळाची नवी पिशवी मी पक्क्या शिलाईनं शिवली, तीही दुहेरी, आणि कमी-जास्त करत एका मापावर आले. ऑपरेशननंतर काही आठवडे हात वर करायचा नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणून वहिनीनं स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे डबे खाली आणले. आणताना साखरेचा डबा स्वतःच्या पायावर पाडला आणि माझ्याआधी तीच लंगडायला लागली. मी स्वतःसाठी पुढून बटणांचे सैल शर्ट शिवले. आईनं हट्टानं त्यांना बटणं लावली. दोन बटणं चुकीच्या काजाला आली. मी ती उसवली नाहीत. तेवढं वाकडं मला चाललं असतं.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनं सांगितलं, "घड्याळ, कानातलं, सगळं काढून नातेवाइकांकडे द्या." मी घड्याळ काढलं, कानातलं काढलं आणि शर्टाच्या आत हात घालून 'ते' काढलं. आईसमोर मी ते कधी काढलं नव्हतं. आईनं हात पुढे केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिकडे पाहिलं. नीट पाहिलं. मीही खांदा पुढे ओढला नाही.

"हे टाकून देऊ का?" वहिनीनं विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "कापूस चांगला आहे."

डॉक्टर बाई आल्या. त्यांच्या हातात निळं पेन होतं. "सरळ उभ्या राहा," त्या म्हणाल्या, "हात सैल." मी उभी राहिले. त्यांनी मधोमध एक रेघ ओढली, मग खालची घडी आखली, मागे सरकून पाहिलं, पुन्हा आखलं. आजवर मी किती जणींवर खडूनं रेघा मारल्या असतील, पण आपल्या अंगावर रेघ कशी गार लागते हे मला माहीत नव्हतं.

"श्वास सोडा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "रोखून धरलाय तुम्ही."

मी सोडला.

जाग आली तेव्हा छातीभोवती घट्ट पट्टा होता, डावीकडे ओझं ठेवल्यासारखं वाटत होतं आणि घसा कोरडा पडला होता. वहिनी पलंगाशी उभी होती. "झालं," ती म्हणाली. "सगळं नीट झालं. डॉक्टर बाई सांगून गेल्या. दुखतंय का?"

"दुखतंय. आई कुठंय?"

वहिनीनं बोट दाखवलं. भिंतीलगतच्या लोखंडी खुर्चीत आई झोपली होती. ठेवणीतल्या कोटासकट, तोंड जरासं उघडं ठेवून, चांगली घोरत. माझी आई दिवसा झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. दुकानातल्या खुर्चीत तिला साधी डुलकी लागत नाही.

"उठवते," वहिनी म्हणाली. "तू शुद्धीवर आलीस की लगेच सांग म्हणाल्या होत्या."

"झोपू दे," मी म्हणाले.

भिंत कडक होती, म्हणून आईनं डोक्याखाली ते पॅड घेतलं होतं. टाक्यांची बाजू भिंतीला, मऊ बाजू गालाला.